वहिमी आप्पा

आप्पा फोन उचलून "हॅलो" म्हणत नसत. "कोण?" असं विचारत. पलीकडून "मी" असं आलं, की दुसरा प्रश्न तयार असे, "मी म्हणजे कोण?" नाव सांगितलं तरी सुटका नव्हती. "कुठून बोलतोस? तुझ्यासमोर काय दिसतंय ते सांग." एकदा धरणाचे मोठे साहेब स्वतः बोलत होते. आप्पांनी त्यांनाही समोर काय दिसतंय ते विचारलं. साहेब भडकून म्हणाले, "तुमच्या बदलीचा कागद दिसतोय." आप्पा शांतपणे म्हणाले, "हां, आता आवाज ओळखला. बोला साहेब."

म्हसावदच्या उत्तरेला, सातपुडा जिथे उभा राहायला लागतो तिथे, एका नदीवर धरणाचं काम चालू होतं. पन्नासचं दशक संपून साठचं लागलं होतं. माझे वडील साइटवरच्या दवाखान्यात कंपौंडर होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, आणि साइटच्या फोनचं बोर्ड सांभाळायला कुणी टिकत नव्हतं. टिकत नव्हतं त्याचं कारण आप्पाच. ते फोनच्या सगळ्या कामाचे सुपरवायझर होते. मूळचे तापीकाठच्या गुजर घरातले. घरी कापूस, केळी, सगळं होतं. पण लढाईच्या काळात ते पलटणीच्या तार-टेलिफोनच्या तुकडीत भरती झाले आणि परत आल्यावर शेतीत त्यांचं मन लागलं नाही. सबंध साइट त्यांना 'वहिमी आप्पा' म्हणायची. त्यांच्या कानावर ते जायचं. त्यांना राग यायचा नाही.

मी बोर्डावर पहिल्यांदा बसून बघितलं त्याच दिवशी दुपारी बोर्डावरच्या एका तारेची झडप पडली, फोन आल्याची ती खूण. कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, "एक्झिक्युटिव्ह इंजिनियर बोलतोय. खाणीला सांगा, सुरुंग आत्ता उडवा." मी घाबरले, पण सुरुंगाची वेळ ठरलेली असते एवढं नानांकडून ऐकून माहीत होतं. मी म्हटलं, "साहेब, आपण कुठून बोलताय?" मग आप्पांचा खरा आवाज आला, "उद्यापासून ये, पोरी." मला नंतर कळलं, माझ्याआधीच्या दोन्ही मुलांनी असाच निरोप जसाच्या तसा पुढे दिला होता. खाणीवर आप्पा स्वतः उभे होते म्हणून काही झालं नाही.

त्या रानात फोन चालू ठेवणं म्हणजे काय, हे आज सांगून पटायचं नाही. खडीच्या यंत्राची धूळ बोलायच्या भोकात जाऊन बसे, म्हणून आप्पांनी प्रत्येक फोनला मलमलीची पिशवी शिवून घेतली होती. सुरुंगाचे दगड उडून तारा तुटत. सागाचे खांब वाळवी खाई. उन्हाळ्यात तार सैल पडे, थंडीत ताणून सांधा निसटे, आणि वानरं तिच्यावर झोके घेत. आप्पांचा कशावरच भरवसा नव्हता. नवीन आलेल्या खांबावर ते कान लावून, दुसऱ्या बाजूनं हातोडी मारून ऐकत. दुसऱ्यानं जोडलेला सांधा ते उघडून पुन्हा जोडत. स्वतः जोडलेलाही दोन दिवसांनी जाऊन ओढून बघत. "काल मी घाईत असेन," म्हणत.

तार त्यांनी सरळ टाकली नव्हती. ऑफिसातून ती खाणीवर जायची, तिथून डोंगरात वरच्या ठाण्यावर, आणि वरच्या ठाण्यावरून दुसऱ्या अंगानं, नदीच्या काठाकाठानं परत ऑफिसात. गळ्यातल्या गोफासारखी. कुठेही एका जागी तुटली तरी दुसऱ्या बाजूनं बोलता यावं म्हणून. दुप्पट तार लागते म्हणून मोठ्या साहेबांनी हरकत घेतली होती. आप्पा म्हणाले, "साहेब, एक तार म्हणजे एकाच माणसाच्या शब्दावर गाव वसवणं. मी नाही वसवणार."

वरचं ठाणं हेच सगळ्याचं मूळ होतं. धरणाच्या खाली, नदीच्या कोरड्या पात्रात मजुरांच्या झोपड्या होत्या. दुसरीकडे सपाट जागाच नव्हती. डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी येई. वरच्या ठाण्यावरून वेळेत खबर आली, तरच ती माणसं वाचणार होती. म्हणून आप्पांचा नियम होता, की प्रत्येक ठाण्यानं तासातासाला घंटी द्यायची, सांगण्यासारखं काही असो वा नसो. सुकलाल नावाचा वरच्या ठाण्यावरचा माणूस कुरकुरायचा, "आप्पा, बठ्ठं ठीक शे तर कशाले फोन कराना?" आप्पा म्हणायचे, "तू फोन केला नाहीस तर सगळं ठीक आहे की तुला वाघानं नेलंय, मला इथे बसून कसं कळणार?"

पहिल्या वर्षी पावसाळा तोंडावर असताना तार कापली जायला लागली. खाण आणि वरचं ठाणं यांच्यामध्ये. वादळानं तुटलेली तार पिंजते. ही विळ्यानं तोडलेली होती. जोडली की आठवड्याभरात पुन्हा. तुकडे तिथेच गवतात पडलेले असत, म्हणजे तांब्यासाठीही कुणी नेत नव्हतं. साइटवर एकच बोलणं सुरू झालं, हे वरच्या पाड्यातल्या पावरा आदिवासींचं काम. खाणीचा मुकादम तर शपथेवर सांगायला तयार होता. पोलीस बोलवा, दोघातिघांना आणून झोडपा, तार आपोआप नीट राहील, असं तो ऑफिसात येऊन म्हणाला. मोठे साहेबही तयार झाले होते.

मुकादम गेल्यावर आप्पा बोर्डाजवळ येऊन मला म्हणाले, "सगळ्यांचा वहीम एकाच माणसावर असला, की मला त्या सगळ्यांचा वहीम येतो."

साहेबांकडून त्यांनी चार दिवस मागून घेतले आणि वर जायला निघाले. नाना बरोबर हवे होते, कारण तापाच्या गोळ्या वाटत डोंगरात हिंडून त्यांना पावरी बोली येत होती. मलाही त्यांनी घेतलं. "पुरुष बघून त्या बाया घरात जातात. तू पुढे हो."

पाडा म्हणजे उतारावर लांबलांब विखुरलेली कुडाची घरं. शेवटचं घर वरच्या ठाण्याच्या अगदी शेजारी होतं, रुमलीबाईचं. साठीची असेल. काटक, कपाळावर गोंदलेलं, हातात भरून कडी. नानांनी तिला तारेबद्दल विचारताना बरेच आढेवेढे घेतले. तिनं एकही घेतला नाही. म्हणाली, "आम्हीच कापतो."

नानांनी ते मराठीत सांगितलं. आप्पा खाली जमिनीवर बसले. "का कापता, विचारा."

ती बोलत गेली, नाना सांगत गेले. तार आल्यापासून पाड्यातल्या बाया मोळी, डिंक, महूची फुलं घेऊन बाजाराला निघाल्या, की खालच्या जंगलखात्याच्या नाक्यावर शिपाई आधीच वाट बघत उभा असतो. पूर्वी कधी असे, कधी नसे. आता रोज. कोण येतंय, किती जणी, कुठल्या वाटेनं, सगळं त्याला माहीत असतं. निम्मा माल काढून घेतो, वर शिव्या. "आमच्या आधी तुमची तार खाली पोचते," रुमलीबाई म्हणाली. "पायानं आम्ही तिला गाठू शकत नाही. म्हणून कापतो."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "बाजाराच्या दिवशी खाणीवरून नाक्याला फोन असतो?"

असायचा. मुकादम मागायचा; पाड्यातून उतरणारी वाट खाणीवरून दिसायची. "जरा नाका दे, ताई," म्हणायचा, आणि खडीच्या गाड्यांचं काही असेल म्हणून मी जोडून द्यायची. तसं मी सांगितलं. आप्पा बराच वेळ विळ्यानं कापलेला तारेचा तुकडा बोटाभोवती गुंडाळत राहिले. मग नानांना म्हणाले, "बाईला सांगा, तिचा वहीम बरोबर आहे. माझा चुकीच्या जागी होता. मी सांध्यांवर घेत होतो."

खाली आल्यावर ते घरी गेले नाहीत. थेट नाक्यावर गेले, भिंतीवरचा फोन पान्यानं सोडवला आणि काखेत मारून ऑफिसात घेऊन आले. मुकादम मागोमाग आला. त्याचं आणि आप्पांचं भांडण सगळ्या ऑफिसनं ऐकलं.

"तो फोन सरकारना शे, तुमना घरना नई!" मुकादम ओरडत होता.

"सरकारचा आहे म्हणूनच काढला. बायांच्या मालातल्या तुझ्या वाट्यासाठी नव्हता लावला."

"पुरावा काय शे तुमनाजवळ?"

"नाही पुरावा. वहीम आहे. तो माझा पगारी धंदा आहे."

मोठे साहेब आले तेव्हा आप्पांनी त्यांच्यासमोर एकच गोष्ट ठेवली. पावसाळा लागायला महिना उरला आहे. नाक्याला फोन हवा असेल तर वरची तार मिळणार नाही, आणि वरची तार नसेल तर पात्रातल्या झोपड्या आजच उठवा. साहेबांनी कपाळ चोळलं. नाक्याचा फोन परत लागला नाही.

दुसऱ्यांदा वर गेलो ते रुमलीबाईला हे सांगायला. तिला ते खरं वाटेना. फोन काढला म्हणता, मी पाहिला का? आणि वरच्या ठाण्यातल्या या पेटीतून तुम्ही काय बोलता, कोणाशी बोलता, आम्हाला काय कळतं? आप्पांना या बोलण्यानं इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "बोलून बघा म्हणावं."

तिचा भाचा जालम धरणावर चुना-सिमेंटच्या यंत्रावर कामाला होता. आप्पांनी त्याला ऑफिसात बोलावून ठेवायला सांगितलंच होतं. त्यांनी किल्ली फिरवली, बोलणं जोडून घेतलं आणि फोन रुमलीबाईच्या कानाला लावला. ती दचकली, पण फोन सोडला नाही. भाच्याचा आवाज ऐकून तिचा चेहरा जराही बदलला नाही. तिनं काहीतरी विचारलं. उत्तर आलं. आणखी विचारलं. नाना हसू दाबत आमच्या कानात सांगत होते. ती विचारत होती, लहानपणी तू दरीत पडलास तेव्हा तुझ्याबरोबर कुठली शेळी पडली? शिंग मोडलेली की बांडी? भाचा म्हणाला, शेळी नव्हती, बोकड होता. तिनं मान हलवली. आप्पांना वाटलं, झालं. तेव्हा ती फोनवर हात ठेवून म्हणाली, "आवाज त्याचा आहे. पण शेजारी कुणी काठी घेऊन उभं असेल तर?"

आप्पा पोट धरून हसले. त्यांना तसं हसताना मी त्या एकाच वेळी पाहिलं. "कंपौंडर," ते नानांना म्हणाले, "माझ्या जन्मात मला माझ्याहून वहिमी माणूस भेटलं नव्हतं."

मग करार झाला. कागदावर नव्हे, तोंडी, तिच्या घरी जेवताना. तारेवरून लाकडाचं, डिंकाचं, वाटेनं जाणाऱ्या माणसांचं बोलणं होणार नाही. आज कोण काय बोललं, हे रुमलीबाईला हवं तेव्हा किल्ली फिरवून विचारता येईल आणि मी तिला सांगायचं. बदल्यात तार राखायची जबाबदारी पाड्याची. तिनं शब्द पाळला. आप्पांनीही पाळला. पुढे ती कधीमधी घंटी द्यायची आणि आपल्या बोलीत मला दरडावायची, "तू कोण? आज कोण बोललं?" मी मोडक्यातोडक्या पावरीत सांगायची. माझी पावरी तिच्यामुळे सुधारली.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यातला तो दिवस लख्ख उन्हाचा होता. आठवडाभर थेंब नव्हता. पात्रातल्या बायांनी गोधड्या धुऊन दगडांवर वाळत घातल्या होत्या. दुपारी वरच्या ठाण्याची घंटी यायची वेळ होऊन गेली. मी वाट पाहत होते तेवढ्यात झडप पडली. सुकलालच होता.

"ताई, वरना ठाणावरतून बोली ऱ्हायनू. बठ्ठं ठीक शे. आठे पानी नई शे, ऊन पडेल शे."

आवाज त्याचाच. निरोप रोजचाच. मी "बरं" म्हणून ठेवणारच होते. पण त्याच्या बोलण्यामागे एक खडखड चालली होती. एकसुरी, दाढेखाली वाळू आल्यासारखी. खडीचं यंत्र. वरच्या ठाण्यावर खडीचं यंत्र कुठून आलं? मी झडपेकडे नीट पाहिलं. ती खाणीच्या बाजूची होती.

"सुकलालभाऊ, तुमच्यासमोर काय दिसतंय?"

तो गडबडला. "समोर... झाड शे ना." आणि फोन ठेवून दिला.

आप्पा मागच्या खोलीत तारेच्या सांध्यांना डाख लावत होते. मी हाक मारली. ते येऊन उभे राहिले आणि मी नदीच्या बाजूच्या तारेनं वरच्या ठाण्याला घंटी दिली. कुणी उचलेना. पुन्हा दिली. आप्पा म्हणाले, "देत राहा." माझा हात भरून आला तेव्हा कुठे पलीकडे फोन उचलल्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागे दुसराच आवाज, धो धो.

"तू कोण?" रुमलीबाई होती.

"मी, बाई. धरणावरून."

"कोणाची तू?"

"कंपौंडरची."

"माझ्या घरी काय खाल्लंस?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पा शेजारून म्हणाले, "सांग तिला. तिचं बरोबर आहे."

"भगर. आणि लसणाची चटणी."

तेव्हा ती बोलायला लागली, आणि इतकी भराभर, की मला अर्धंही कळेना. 'पाणी' कळलं. 'मोठा दगड' कळलं. ठाण्यापुढे पात्रात एक मोठा दगड होता. त्याच्यावर पाणी चढलं तर तासाभराच्या आत धरणाजवळ लोंढा, हे आप्पांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. मी आप्पांकडे वळले तर ते जागेवर नव्हते. बाहेर भोंगा वाजायला लागला होता.

डोक्यावर ऊन होतं, आभाळ निळं होतं. पात्रातली माणसं हालेनात. भोंगा चुकून वाजला म्हणून काही जण हसतही होते. आप्पा, जालम आणि नाना झोपड्या-झोपड्यांत घुसून माणसांना अक्षरशः ओढत होते. जालम ओरडून सांगत होता, "मन्ही मावशी सांगी ऱ्हायनी, खोटं नई सांगाव ती!" शेवटची म्हातारी काठावर चढली तेव्हा नदीच्या वळणावर मातकट भिंतीसारखं काहीतरी दिसलं. मग झोपड्या होत्या तिथे झोपड्या नव्हत्या. गोधड्या, भांडी, कोंबड्या, खडीच्या दोन गाड्या, सगळं गेलं. माणूस एकही गेलं नाही.

सुकलाल खाणीवर मुकादमाबरोबर चहा पीत बसला होता. त्याला काढून टाकलं. वरचं ठाणं त्यानंतर रुमलीबाईनं सांभाळलं. आप्पांनी तसा आग्रहच धरला. त्या पुराच्या दिवसापासून तिच्यात एक फरक पडला. तिनं "तू कोण?" विचारणं बंद केलं. घंटी द्यायची आणि एकदम बोलायलाच लागायची. शेतातलं, नातवंडांचं, अस्वलानं मका खाल्ल्याचं. आप्पांनी फोन घेतला तर त्यांना तासभर सोडायची नाही. पाड्यातला कुणी आजारी पडला तर नानांना निरोप यायचा, गोळ्या वर जायच्या. एका बाळंतिणीला त्या निरोपामुळे झोळीतून खाली आणता आलं, दोघंही जगली.

धरण पुरं झालं. पात्रात आता कुणी राहत नव्हतं. वरच्या ठाण्याची गरज उरली नाही, तार आणि खांब काढून पुढच्या धरणावर पाठवा, असा हुकूम आला. आप्पांनी साहेबांना विनंती केली, मग वर धुळ्याला अर्ज केला. निदान एक बाजू राहू द्या, दवाखान्यापुरती. उत्तर आलं की तार धरणाच्या कामाची आहे, काम संपलं.

काढायला ते स्वतःच गेले. दुसऱ्या कुणाला पाठवणं त्यांना जमेना. मीही बरोबर गेले. रुमलीबाईनं आम्हाला लांबून पाहिलं आणि पाड्यातल्या माणसांना हाका मारल्या. माणसं धावत आली. त्यांनी खांब उपटले, तारेची भेंडोळी बांधली, खांद्यावर घेऊन उतारानं चालायला लागली. कुणी काही विचारलं नाही. रुमलीबाईनं फोनची पेटी स्वतः पदरानं पुसली आणि आप्पांच्या हातात दिली.

"नवी कधी लावणार?" तिनं विचारलं.

ती दुरुस्ती समजत होती. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. एव्हाना मला पावरी बऱ्यापैकी येत होती. मी सांगितलं तिला. जितक्या हळू सांगता येईल तितक्या हळू. तिनं आधी मला पाहिलं, मग आप्पांना. खांदा दिलेल्या माणसांना तिनं परत बोलावलंही नाही. घरात गेली.

शहाद्याच्या स्टँडवर मी आप्पांना सोडायला गेले. नव्या धरणावर चालले होते. ते ट्रंकेवर बसले होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आप्पा, तिथेही वहिमी म्हणतील तुम्हाला."

ते हसले नाहीत.

"त्या बाईनं माझ्यावर सगळा विश्वास टाकला," ते म्हणाले. "आधी कसं प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची. तार काढली त्या दिवशी विचारलं नाही. त्याच दिवशी विचारायला हवं होतं."

गाडी लागली. ट्रंक वर चढवून ते खिडकीशी बसले. मी हात केला. त्यांनी केला की नाही, धुळीत दिसलं नाही.